तळटीप क्रमांक सात

रास्मुस आला तेव्हा तार्तूत चार वाजताच अंधार पडला होता.
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकून
त्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला,
जखम दाखवावी तसा.

सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या त्या ज्ञानकोशात
आमच्या बेटाच्या दीपगृहाचं एक पान आहे.
तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय:
धुक्याचा भोंगा शेवटचा वाजला १९६८च्या नोव्हेंबरात.
आणि वाक्याच्या खांद्यावर, मुंगीएवढा, सात.

सातचं बोट धरून आम्ही गेलो
एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत.
पुरवणी २०११ची. वाक्य तेच, स्वल्पविरामासकट.
आणि कोशातलं वाक्य २००९पासून तिथे बसलेलं.
म्हणजे लेकीच्या पोटी आई जन्मलेली,
आणि दोघी एकमेकींना जामीन.

“प्राध्यापक कीविसिल्द सांगतात,
ह्या विहिरीचं पाणी तोंडाला लावू नका.”
मी म्हटलं, नको लावूस.
पण विहीर आहे म्हणजे खाली झरा असणार,
एवढं तर कळतं?
शहाण्यासारखं बोलले खरी.
आतून मात्र चिडले होते.

कारण तो भोंगा माझ्या वडिलांचा.
शेवटचा वाजला एकाहत्तरात, मी आठ वर्षांची.
पडलेल्या दाताची जागा जिभेला पाठ असते
तसं ते साल मला पाठ.

अडुसष्ट खोडलं, एकाहत्तर केलं.
नऊ मिनिटांत अडुसष्ट परत.
“संदर्भ?” एवढंच विचारलं होतं, अगदी नम्रपणे,
केरोसीन-४७ नावाच्या कुणीतरी.

संदर्भ!
मी आहे की संदर्भ, हाडामांसाचा, चष्म्यासकट,
चाळीस वर्षं लोकांना संदर्भच काढून देणारा.

रास्मुसने मग पानामागचं पान उघडलं,
जिथे लिहिणारे आपसांत भांडतात.
अकरा वर्षांचं भांडण:
जिन्याला पायऱ्या किती, रंग पांढरा की पिवळट,
मध्येच कुणीतरी कुणाच्या तरी आईवर गेलेला.
आणि तळाशी, उत्तराविना पडलेली,
केरोसीनचीच एक ओळ:
‘दीपगृहाच्या रोजवह्या अभिलेखागारात आहेत.
मी दूर राहतो. कुणी बघेल का?’

तारीख सहा वर्षांपूर्वीची.
अभिलेखागार इथून ट्रामशिवाय, पायी, वीस मिनिटं.

वही आली. आधी कुणी मागवल्याची सही नव्हती.
वडिलांचं अक्षर, नियमाप्रमाणे रशियन,
पाहुण्याच्या घरी बसावं तसं अवघडून बसलेलं.
ना अडुसष्ट, ना एकाहत्तर.
दोन मे, १९७०.
हवा: स्वच्छ. दृश्यता: बारा मैल.
भोंगा: तीनदा.
कारण:
आणि पुढे कोरा रकाना.

रास्मुसने तीनदा फोटो काढला.
मी एकाहत्तर कुठून आणलं होतं?
बहुधा आईकडून, तिने शेजारच्या लेम्बेकडून,
लेम्बेने कदाचित माझ्याच बडबडीतून.
माझ्याही आठवणीची तळटीप
गोल फिरून मलाच चिकटलेली.

त्या रात्री आम्ही साल दुरुस्त केलं,
पेटी क्रमांक, वही क्रमांक, पृष्ठ.
केरोसीनने आभार मानले,
त्याच्या गावी तेव्हा पहाट होती म्हणे.
रास्मुसच्या प्रबंधात कोशाचं नाव येणार नाही.
वहीचं येईल.
चुकीच्या वाक्याने दार दाखवलं
हे कुठल्या पद्धतीने नोंदवायचं,
ते कीविसिल्दही शिकवत नाहीत.

कोऱ्या रकान्याचं मला ठाऊक आहे.
दोन मेला भाऊ उनो लष्कराच्या बोटीतून गेला,
डोकं भादरलेला, हात न हलवता.
धुकं नव्हतं. बारा मैलांपर्यंत सगळं दिसत होतं,
तेवढाच तर त्रास होता.

हे मी कोशात लिहिलं नाही.
नऊ मिनिटांत कुणी संदर्भ मागितला असता,
आणि त्याचं बरोबरच असतं.

सकाळी पान उघडून पाहिलं.
१९७० जागच्या जागी.
कुणा अनोळखी माणसाने, रात्री कधीतरी,
माझ्या वाक्यातला एक स्वल्पविराम काढून टाकला होता.
वाक्य आता जास्त चांगलं वाटत होतं.